कॉफीच्या डब्यातल्या पुंगळ्या

रेइयोने दोन डबे ठेवले होते,
त्याच्या पुंगळ्यांचा निळा, माझ्या पुंगळ्यांचा लाल.
एप्रिलमध्ये शेड आवरताना पुतण्याने
दोन्ही एकाच कॉफीच्या डब्यात ओतले.
त्याचं तरी काय चुकलं? पितळ ते पितळ.
सगळ्यांच्या बुडाला एकच आकडा.

पण आकडा छापलेला असतो, माप घडत जातं.
बार उडतो तेव्हा पुंगळी फुगते,
चेंबरच्या भिंतींना अंग टेकून
क्षणभर तिथलीच होते.
मग जराशी आकसते,
पहिल्यासारखी मात्र होत नाही.

रेइयोची रायफल जुनी, ऐसपैस.
माझी चिंचोळी, काटकसरी.
तिच्यात त्याची पुंगळी घातली
की बोल्ट अर्ध्यावर अडतो,
आणि जोर करायला गेलं
तर मनगटच सांगतं, नको.

तौनोचा फोन आला.
"ओर्वोक्की, शनिवारपासून एल्क.
दलदलीच्या कडेची जागा
तुझ्यासाठी ठेवू, की यंदा..."
ठेव, म्हटलं. यंदा काय झालंय जागेला?

प्रेस त्याच्या उंचीला ठोकलेला.
मी बिअरच्या उपड्या क्रेटवर उभी राहते.
बोटांच्या टोकांवर लॅनोलिन,
पुंगळीच्या अंगाला पुसटसं.
फार लावलं तर खांद्याला खळी पडते,
कमी लावलं तर डायमध्ये रुतून बसते
आणि अख्खी संध्याकाळ ती उपसण्यात जाते.
(गेली. मंगळवारची.)
डाय किंचित खाली, लिव्हर, मोजून बघ.
पुन्हा किंचित. पुन्हा बघ.
खांदा मागे सारायचा तो केसाइतकाच.
उगाच जास्त रेटला
तर बुडाच्या जरा वर, आतल्या बाजूने,
पितळ विरत जातं,
बाहेरून लखलखीत.
रेइयो वाकवलेली तार आत फिरवून
ती चीर शोधायचा, डोळे मिटून,
दाताचा डॉक्टर असावा तसा.

सगळ्याच कशाला दाबायच्या, म्हणून
आधी एकेक माझ्या रायफलीत घालून पाहिली.
अडली ती त्याची. बसली ती माझी.
टेबलावर दोन ढीग.

गेल्या हंगामापासून मी सहा बार काढले.
सहा. वहीत तारखांसकट आहेत.
माझ्या ढिगात एक्केचाळीस.

पुन्हा मोजल्या.
चष्मा पुसून पुन्हा.
बोल्ट प्रत्येकीवर मिटत होता
लोण्यात सुरी जावी तसा.

ऑगस्टचे रविवार.
गळ घेऊन तळ्यावर जायचा,
गाडीच्या मागच्या सीटवर काहीतरी
ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं.
"थर्मास फुटू नये म्हणून."
तळ्याच्या वाटेवर खडीची खाण आहे.
संध्याकाळी हात हलवत परत.
मी शेजारच्या आइलीला सांगून हसायचे,
चाळीस वर्षांत या माणसाला
पर्च मासा मिळत नाही, जो पोरांनाही मिळतो.

आणि ऑक्टोबरात माझी गोळी
खांद्यामागे, नेमकी, दरवर्षी.
तौनो सगळ्यांसमोर म्हणायचा,
ओर्वोक्कीचा डोळा.
रेइयो कॉफी ओतत असायचा.
मीही मान्य करायचे. माझाच डोळा.

राग आला.
क्रेटवरून उतरले, स्टोव्हमध्ये लाकूड टाकलं,
विनाकारण दुसरं टाकलं.
कुणी विचारलं होतं त्याला?

मग परत चढले.
त्याच्या ढिगातली पहिली उचलली,
काळवंडलेल्या मानेची, बरीच वापरलेली.
पुसली, लॅनोलिन, डायखाली.
लिव्हर जड गेला.
जुनं पितळ लगेच ऐकत नाही,
दाब सुटला की थोडं मागे येतंच.
दुसऱ्यांदा दाबली, मोजली, पुसून घेतली.

रायफलीत घातली.
बोल्ट मिटला. थोडासा घट्ट, पण मिटला.

अजून त्रेपन्न आहेत, आणि शनिवार परवा.

मासे कुठे आहेत, असं एकदा तरी
खडसावून विचारायला हवं होतं.